शमुवेल, आरशात

केसपेपर लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, बाळाचं नाव?
मी म्हटलं, शमुवेल.
त्यांनी लिहिलं, श्यामवेल.
वा, म्हणाल्या, वेलीवरून ठेवलंत का?
मी हो म्हटलं. मागे रांग होती,
ससूनची रांग.

वेलीवरून नाही. तेलावरून म्हटलं तर थोडं जमेल.
ह्याच्या खापरपणजोबांचा अष्टमीला घाणा होता.
शनिवारी बैल सोडलेला, घाण्यावर गोणपाट.
त्यांना सगळे समाजी म्हणत.
शमुवेलचा समाजी कधी झाला, कुणी लिहून ठेवलं नाही.
खाऱ्या वाऱ्यात काथ्याचा दोर झिजतो
तसं नाव झिजलं असेल,
तुटलं मात्र नाही.
पुढे खडकीच्या कारखान्यात त्याचा सॅम झाला,
पगाराच्या पाकिटावर नुसता एस.
आणि रास्ता पेठेत, आठव्या दिवशी,
एलिया हन्नाबीच्या रिकाम्या खुर्चीशेजारी
हझाननी खड्या आवाजात ते पुन्हा अख्खं घेतलं.
सगळ्यांनी ऐकलं.
एक सोडून.
ते आम्हाला चौदा महिन्यांनी कळलं.

त्याच्या पाठीमागे आधी खुळखुळा वाजवला,
मग चमच्याने डबा, मग ढोलकी.
तो माझ्या बांगड्या मोजत राहिला.

घरी सासरे म्हणाले,
अर्थ माहीत आहे ना तुला? देवानं ऐकलं.
आणि एकदम थांबले, बशीतल्या चहाकडे बघत.
मग म्हणाले, कुणी देवाचं नाव असाही करतात.
कुणी म्हणतात, देवाकडून मागून घेतलेला.
दुकानदार दुसरी ठाणं उलगडून दाखवतो, तसे
ते अर्थ उलगडत होते.
मी काहीच घेतलं नाही.

सात वर्षं मागितला होता मी.
मलिद्याचं ताट मानलं होतं आणि फेडलंही होतं,
गोड पोहे, खोबरं, पाच फळं, वर गुलाबाची पाकळी.
त्या रात्री मी नावावरच चिडले.
ऐकणाऱ्यानं कान स्वतःकडेच ठेवून घेतले.

टेंबेबाई मंगळवारी-शुक्रवारी शिकवतात.
भिंतीला मोठा आरसा, कोपरा फुटलेला.
आवाज वाढवू नका, म्हणतात. तोंड दाखवा.
श. ओठ पुढे, कुणाला गप्प करताना होतात तसे.
मु. मिटून मग गोल, पापा घ्यायच्या बेतात.
वे. खालचा ओठ दातांना टेकून सुटतो.
ल. जीभ टाळूला. हे नीट दिसत नाही,
हे त्याला अंदाजानं घ्यावं लागेल.
दिवसातून शंभर वेळा मी आरशात
माझ्या मुलाचं नाव न बोलता म्हणते.

अशीच एकदा म्हणताना हन्ना आठवली, पहिल्या शमुवेलची आई.
शिलोला देवळात उभी राहून मागत होती.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
म्हाताऱ्या याजकाला वाटलं, बाई प्यायलीय.
लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट.
पण तिथे ऐकण्यासारखं काही नव्हतंच की!
नुसते ओठ होते.
म्हणजे त्यानंही वाचलेच.

सासऱ्यांना सांगितलं, तर चष्मा काढून
कितीतरी वेळ पुसत बसले.
नंतर बघितलं तर बाल्कनीत नातवाला मांडीवर घेऊन
तोंड वाकडंतिकडं करत होते, दातांची कवळी सांभाळत.
ल त्यांनाही जमत नाही.

गेल्या शुक्रवारी त्यानं माझ्या गळ्यावर बोटं ठेवली.
आरशात बघत ओठ मिटले, गोल केले.
मू.
जाड, घुमट आवाज, विहिरीत घागर बुडताना येतो तसा.
टेंबेबाईंनी टाळ्या वाजवल्या,
मग आठवण झाली तशा हात हवेत फिरवले.
त्यानं पुन्हा म्हटलं, मू,
आणि बोट माझ्याकडे केलं.
इतके महिने माझ्याच तोंडावर बघितलंय त्यानं ते.
त्याला वाटतं, हे माझं नाव आहे.

दुरुस्त करायचं आहे.
केसपेपरसुद्धा.